कालाबारचा दाणा

वाचकहो, इतिहासाच्या प्राध्यापकाने औषधाविषयी बोलावे हे तुम्हाला जरा विचित्रच वाटेल. राजे, तह, लढाया, सनावळ्या हा आमचा प्रांत. बाटल्या आणि गोळ्या हा डॉक्टरांचा. पण एखादी लहानशी गोळीसुद्धा अशी असते की तिच्या पोटात तहनाम्याहून अधिक इतिहास साठलेला असतो. आज जिच्याबद्दल सांगणार आहे तिचे नाव पायरिडोस्टिग्मीन. नाव जिभेला जड आहे खरे, पण दोनदा म्हणून पाहा, तिसऱ्यांदा जमेल. या गोळीचे मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या एका वेलीच्या बियांत आहे, आणि ते बी एके काळी माणसे मारण्याच्या कामी येत असे.

मला या गोष्टीत रस कसा उत्पन्न झाला ते आधी सांगतो. १९९१ च्या सुमाराची हकीकत. मी तेव्हा सहावीत होतो आणि सुटीत मामाकडे गेलो होतो. माझी मामी सकाळी उठून पाण्याच्या दोन घागरी आणी, चूल पेटवी, भाकऱ्या थापी. दुपार कलली की तिच्या पापण्या आपोआप खाली येऊ लागत. एकाची दोन माणसे दिसत. जेवताना घास चावता चावता जबडा मध्येच थांबे. मग ती हनुवटीला हाताचा आधार देऊन घास संपवी. बोलता बोलता आवाज नाकात जाई. आणि गंमत अशी की, तासभर पडून उठली की पुन्हा सारे ठीक! नेमके हेच तिच्या मुळावर आले. आजार म्हणजे तो दिवसभर असला पाहिजे, अशी आपली समजूत. घरात बायका म्हणू लागल्या, "काम दिसलं की हिला दुखणं येतं. सोंग आहे नुसतं." मग देवऋषी झाला, अंगारा झाला, उतारा झाला. देवऋषी म्हणाला, बाहेरची बाधा आहे. घरचे म्हणत सोंग, बाहेरचे म्हणत बाधा. मामी बिचारी दोन्हींच्या मध्ये सापडली.

शेवटी तालुक्याच्या एका डॉक्टरांनी तिला पुण्यास पाठवले. मीही बरोबर होतो. तिथल्या डॉक्टरांनी तिला छताकडे एकटक पाहायला सांगितले. मिनिटभरात पापण्या मिटल्या. मग दंडात एक इंजेक्शन दिले आणि आम्हाला बाकावर बसवून ठेवले. पंधरावीस मिनिटे गेली असतील. मामीच्या पापण्या हळूहळू वर गेल्या, डोळे पुरते उघडले, आणि तिने स्पष्ट आवाजात मामांना विचारले, "तुम्ही चहा घेतलात का?" मामा काही बोलले नाहीत. उठून बाहेर जाऊन आले.

त्या इंजेक्शनाचे नाव निओस्टिग्मीन, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्याच घराण्यातली धाकटी बहीण म्हणजे पायरिडोस्टिग्मीन. या घराण्याची वंशावळ लावायची तर नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यात, क्रॉस नदीच्या मुखाजवळ असलेल्या कालाबार बंदरापासून सुरुवात केली पाहिजे.

अठराव्या शतकात जुने कालाबार हे गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर होते. एकोणिसाव्या शतकात ताडतेलाचा व्यापार वाढला. तिथे एफिक लोकांची वस्ती. त्यांच्या नदीकाठच्या रानात शेंगा धरणारी एक उंच वेल वाढे. तिच्या शेंगेत दोनतीन बिया, तपकिरी, टणक, साधारण इंचभर लांबीच्या. या बियांना एफिक भाषेत 'एसेरे' म्हणत. कुणी अवचित मेला, विशेषतः कुणी सरदार मेला, की त्याच्यावर चेटूक कुणी केले याचा शोध सुरू होई. संशयितांना एसेरेच्या बिया खायला घालीत, किंवा कुटून पाण्यात कालवून पाजीत. ओकारी होऊन वाचला तो निर्दोष. मेला तो चेटकी. त्याचा निवाडा झाला आणि शिक्षाही झाली.

हे वाचून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत जी दिव्ये सांगितली आहेत त्यांत तुला, अग्नी, जल यांच्या जोडीला विषदिव्यही आहे. आपल्याकडे मराठेशाहीत वतनाचे तंटे रवादिव्याने सुटत. कढत तेलातून धातूचा रवा हाताने काढायचा, मग हात पिशवीत बांधून मोहर करायची, आणि पुढे पिशवी उघडून हात पाहायचा. त्याचे कागद आमच्या दप्तरखान्यांतून आजही सापडतात. सत्य शोधण्याचे साधन हाती नसले की माणूस शरीरालाच साक्षीला ओढतो, मग ते शरीर आफ्रिकेतले असो की आपल्याकडचे.

एसेरेविषयी एक खुलासा नेहमी सांगितला जातो. निर्दोष माणूस निर्धास्तपणे विष गटागटा पितो, म्हणून त्याला ओकारी होते आणि तो वाचतो; अपराधी घाबरत घाबरत घोट घेतो, म्हणून विष अंगात भिनते. खुलासा मोठा गोड आहे. पण मला तो पटत नाही. तो ऐकून मेलेल्यांना दोषी ठरवण्याची आणखी एक सोय होते, एवढेच. बिया किती, किती कुटलेल्या, पाजणाऱ्याच्या मनात काय, पिणाऱ्याचे पोट रिकामे की भरलेले, यांवर जगणे-मरणे ठरत असणार. चेटूक तर कुणीच केलेले नव्हते; तेव्हा मेले ते सगळे निर्दोषच.

१८४६ साली विल्यम डॅनियल नावाच्या ब्रिटिश लष्करी डॉक्टराने या दिव्याची हकीकत एडिनबर्गच्या विद्वानांपुढे मांडली. त्याच वर्षी स्कॉटिश मिशनरी कालाबारला पोचले, आणि त्यांच्यामार्फत काही बिया एडिनबर्गला आल्या. तिथे रॉबर्ट ख्रिस्टिसन नावाचे औषधिशास्त्राचे नामांकित प्राध्यापक होते. विषे हा त्यांचा खास विषय. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न, घरी मुलेबाळे, शहरात मानमान्यता. आणि या गृहस्थांनी १८५५ साली काय करावे? ते बी स्वतःच खाल्ले! आधी अगदी लहान तुकडा, पुढे पाव बी. थोड्याच वेळात भोवळ आली, हातपाय ऐकेनासे झाले, नाडी बिघडली. दाढी करून उरलेले साबणाचे पाणी जवळ होते, ते त्यांनी तसेच घटाघटा पिऊन ओकारी काढली आणि जीव वाचवला. या सर्व वेळात डोके मात्र साफ होते. हालचालीची इच्छा होती, अंग हलत नव्हते. हे निरीक्षण महत्त्वाचे आहे, ते लक्षात ठेवा. विष मेंदूला गुंगी आणीत नव्हते. हुकूम सुटत होता, पण अंमल होत नव्हता.

पुढे एडिनबर्गच्याच जॉन हटन बाल्फर यांनी १८६१ साली वेलीचे शास्त्रीय वर्णन करून तिला 'फायसोस्टिग्मा व्हेनेनोसम' हे नाव दिले. 'फायसा' म्हणजे फुगा. फुलातल्या एका भागावरचा टोपीसारखा उंचवटा त्यांना पोकळ वाटला. तो मुळी भरीव आहे! पण नाव पडले ते पडलेच, आणि आज जगभर डॉक्टर ज्या औषधांच्या नावात 'स्टिग्मीन' म्हणतात ते याच चुकीच्या फुग्याचे शेपूट. १८६२ साली टॉमस फ्रेझर या तरुणाने त्या बियांवर प्रबंध लिहून सुवर्णपदक मिळवले. त्याच्या ध्यानात आले की बियांच्या अर्काने डोळ्याची बाहुली बारीक होते. त्याचे मित्र डग्लस आर्गाइल रॉबर्टसन हे नेत्रवैद्य. त्यांनी १८६३ मध्ये तो अर्क आपल्याच डोळ्यात घालून पाहिला. (एडिनबर्गच्या या मंडळींना दुसऱ्यावर प्रयोग करण्याचा धीर नसावा, किंवा स्वतःवर करण्याचा अतोनात असावा.) १८६४ मध्ये योब्स्ट आणि हेसे या जर्मन रसायनतज्ज्ञांनी बियांतले सत्त्व वेगळे काढले आणि त्याला फायसोस्टिग्मीन म्हटले, फ्रेंचांनी त्याला एसेरीन हे नाव दिले. १८७६ मध्ये लुडविग लाकूर यांनी काचबिंदूवर ते वापरले. त्यांना स्वतःलाही काचबिंदू होता. म्हणजे माणूस मारणाऱ्या दाण्याने पहिले भले केले ते डोळ्याचे.

हा दाणा एकदा युरोपातही मुलांच्या हाती लागला. १८६४ साली लिव्हरपूल बंदरात एका जहाजाची झाडलोट करून कचरा टाकला, त्यात या बिया होत्या. गरीब वस्तीतल्या मुलांनी त्या खाल्ल्या. चाळीसहून अधिक मुलांना विषबाधा झाली, त्यांतला एक मुलगा दगावला. तिथे कुणी चेटकाचा शोध घेतला नाही.

आता हे विष करते तरी काय? गुरुजनांसाठी एक वर्गातला दाखला देतो. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून निघतो आणि स्नायूपाशी येऊन थांबतो. मज्जातंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये अतिशय बारीक फट असते. त्या फटीत मज्जातंतूचे टोक ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सोडते. हे म्हणजे गुरुजींनी फळ्यावर खडूने लिहिलेले वाक्य. पलीकडे स्नायूवर ते वाक्य वाचणारी मुले बसलेली आहेत. शास्त्रज्ञ त्यांना ग्राहक म्हणतात. मुलांनी वाक्य वाचले की स्नायू आखडतो. पण लगेच दुसरे वाक्य लिहायचे असते, म्हणून फळ्याजवळ एक पोरगा हातात फडके घेऊन उभाच असतो. तो लिहिलेले क्षणार्धात पुसतो. या पोराचे नाव कोलिनेस्टरेज. एसेरेचे विष काय करते, तर या पुसणाऱ्या पोराचा हात धरून ठेवते.

हात थोडा वेळ धरला तर वाक्य फळ्यावर थोडे जास्त टिकते, एवढेच. पण हात पक्का धरून ठेवला तर? वाक्यावर वाक्य चढते, फळा पांढराफटक होतो, कुणालाच काही वाचता येत नाही. लाळ गळते, घाम सुटतो, पोटात मुरडा येतो, स्नायू फडफडून निकामी होतात, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. कालाबारच्या दिव्यात माणूस मरे तो असा. औषध आणि विष यांत फरक एवढाच की पोराचा हात किती वेळ आणि किती घट्ट धरायचा.

हे मी चार वाक्यांत सांगितले, पण शोधून काढायला विसावे शतक उजाडावे लागले. सर हेन्री डेल यांनी १९१४ मध्ये ॲसिटिलकोलीनचे गुण वर्णिले आणि ते अंगात फार लवकर नष्ट होते असे सुचवले. १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरी ओटो लोवी यांना रात्री स्वप्नात एक प्रयोग सुचला. झोपेत टिपण केले, सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री पुन्हा तेच स्वप्न पडले. या खेपेस ते तडक प्रयोगशाळेत गेले. एका बेडकाच्या हृदयाभोवतीचे पाणी दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर घातले, आणि मज्जातंतूला हात न लावता त्याची गती मंदावली. मज्जातंतू द्रव्य सोडून निरोप देतो हे सिद्ध झाले. १९२६ मध्ये लोवी आणि त्यांचे सहकारी नाव्रातील यांनी दाखवले की एसेरीन ते द्रव्य नष्ट होऊ देत नाही. डेल आणि लोवी यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९३८ मध्ये नाझी ऑस्ट्रियात शिरले तेव्हा लोवी ज्यू म्हणून पकडले गेले, आणि पारितोषिकाची रक्कम देऊन टाकल्यावरच त्यांना देश सोडता आला.

आता मामीच्या आजाराकडे वळू. त्याचे नाव मायस्थेनिया ग्रेव्हिस. इंग्रज वैद्य टॉमस विलिस यांनी १६७२ साली अशा एका स्त्रीचे वर्णन केले आहे, जी काही वेळ बोलली की तिचा आवाज पार बंद होई आणि तास-दोन तास विसावा घेतला की परत येई. पुढे दोनशे वर्षे कुणी फारसे लक्ष दिले नाही. १८७७ पासून लंडनचे विल्क्स, जर्मनीचे एर्ब, वॉर्साचे गोल्डफ्लाम यांनी रोगी नोंदले, आणि १८९५ मध्ये बर्लिनच्या योली यांनी हे नाव दिले. नाव मिळाले, उपाय मिळाला नाही. रोग्याच्या घशाचे किंवा श्वासाचे स्नायू थकले की तो जाई. शवविच्छेदनात मेंदू ठीक, मज्जातंतू ठीक. पुष्कळांना वेडाच्या नाहीतर नाटकीपणाच्या सदरात टाकले गेले. आमच्या घरच्या बायकाच तेवढ्या चुकल्या असे नाही.

इथे कथेत दुसरे एक विष येते. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाच्या टोकाला क्युरारे लावीत. त्याने शिकार जागच्या जागी लुळी पडे. १८१४ मध्ये चार्ल्स वॉटरटन यांनी लंडनमध्ये एका गाढवीला ते टोचले, आणि श्वास थांबताच श्वासनलिकेत भात्याने हवा भरत राहून तिला जगवले. ती पुढे पुष्कळ वर्षे चरत होती. फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी बेडकांवर प्रयोग करून दाखवले की क्युरारे मज्जातंतूला मारत नाही, स्नायूलाही मारत नाही. ते दोघांच्या सांध्यात आड येते. आपल्या दाखल्यात सांगायचे तर क्युरारे मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधते. आणि १९०० मध्ये व्हिएन्नात याकोब पाल यांना आढळले की क्युरारेने लुळ्या पडलेल्या कुत्र्यांना फायसोस्टिग्मीन दिले की श्वास परत येतो. एक विष दुसऱ्यावर उतारा! पण हे ज्ञान एका कपाटात, मायस्थेनियाचा रोगी दुसऱ्या खोलीत, असे चौतीस वर्षे चालले.

दोहोंमधले दार उघडले मेरी ब्रॉडफुट वॉकर या बाईंनी. जन्म १८८८, स्कॉटलंडमधल्या विग्टाउन गावचा. एडिनबर्गला शिकून १९१३ मध्ये डॉक्टर झाल्या. लंडनमधल्या मोठ्या शिक्षणसंस्थांच्या रुग्णालयांत तेव्हा स्त्री डॉक्टरला जागा मिळणे दुरापास्त. बाईंची नोकरी ग्रिनिच येथील सेंट आल्फेज रुग्णालयात, आणि तीही सहायकाची. हे मूळचे अनाथ-अपंग गरिबांसाठीचे इस्पितळ. संशोधनाची सोय नाही, प्रयोगशाळा नाही, वरिष्ठांचा वशिला नाही. १९३४ मध्ये त्यांच्या खाटांवर मायस्थेनियाची एक छप्पन्न वर्षांची स्त्री होती. डेरेक डेनी-ब्राउन हे मज्जासंस्थेचे तज्ज्ञ तिथे भेटीस येत. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले की या रोगाची लक्षणे क्युरारेच्या विषबाधेसारखी दिसतात. वॉकरबाईंनी साधा प्रश्न केला असावा, जो कुठल्याही गावच्या वैद्याने केला असता: मग क्युरारेवर उतारा कोणता? पुस्तकात उत्तर होते. फायसोस्टिग्मीन.

त्यांनी ते त्या स्त्रीला टोचले. अर्ध्या-पाऊण तासात मिटलेली पापणी वर आली, हात उचलता येऊ लागला, गिळता येऊ लागले. काही तास हा परिणाम टिकला, मग ओसरला. पुन्हा टोचले, पुन्हा आला. २ जून १९३४ च्या 'लॅन्सेट' मध्ये त्यांचे पत्र छापले गेले. लांबलचक प्रबंध नव्हे, पत्र. पुढच्या वर्षी त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या सभेत डॉक्टरांसमोर निओस्टिग्मीनचा परिणाम करून दाखवला. 'सेंट आल्फेजचा चमत्कार' असे लोक म्हणू लागले, आणि काही बड्या तज्ज्ञांना मात्र गरिबांच्या इस्पितळातून आलेली ही बातमी आधी खरी वाटेना. न्याय म्हणून हेही सांगतो की १९३२ मध्ये जर्मनीत लाझार रेमेन यांनी अशा एका रोग्याला निओस्टिग्मीन दिल्याची नोंद आहे. पण आपल्या हाती काय आले आहे हे त्यांनी ठासून सांगितले नाही, आणि तिकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

एक गोष्ट ध्यानात घ्या. वॉकरबाईंनी इलाज केला तेव्हा स्नायूंच्या सांध्यावर ॲसिटिलकोलीनच काम करते हे सिद्ध झालेले नव्हते. ते डेल, फेल्डबर्ग आणि मार्था फोख्ट यांनी १९३६ मध्ये दाखवले. फेल्डबर्ग १९३३ मध्ये जर्मनीतून घालवून दिलेले ज्यू शास्त्रज्ञ. येताना त्यांनी एक युक्ती आणली होती. जळवेचा स्नायू एसेरीनमध्ये भिजवला की तो ॲसिटिलकोलीनचा लेशही ओळखतो. म्हणजे इथेही कालाबारचा दाणा हजर! पुस्तकी क्रम असा की आधी सिद्धांत, मग उपचार. इथे उपचार दोन वर्षे पुढे होता.

वॉकरबाईंना एडिनबर्गने १९३५ मध्ये प्रबंधासाठी सुवर्णपदक दिले. पण त्यांना प्राध्यापकपद मिळाले नाही की प्रयोगशाळा मिळाली नाही. त्या त्याच प्रकारच्या इस्पितळांत नोकरी करीत राहिल्या, १९५४ मध्ये निवृत्त होऊन विग्टाउनला परतल्या आणि १९७४ मध्ये तिथेच वारल्या. रॉयल कॉलेजने १९६३ मध्ये एक पारितोषिक दिले, इतकेच. मला विचाराल तर हे फार थोडे झाले.

असाच अन्याय आणखी एकाच्या वाट्याला आला. १९३५ मध्ये फायसोस्टिग्मीन प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार केले ते पर्सी ज्युलियन यांनी, व्हिएन्नाचे सहकारी जोसेफ पिकल यांच्यासह. ज्युलियन हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय रसायनज्ञ, गुलामांचे नातू. ऑक्सफर्डचे ख्यातनाम रॉबर्ट रॉबिन्सन याच कामावर होते. त्यांची वाट चुकली आहे असे या तरुणाने छापून सांगितले आणि खरे करून दाखवले. तरीही ज्या कॉलेजात हे काम झाले तिथे वर्णामुळे त्यांना प्राध्यापकाची नेमणूक मिळाली नाही. ज्या बंदरातून माणसे विकली गेली तिथल्या रानातले बी, आणि ते घडवणारा गुलामांचा नातू! इतिहास अशा गाठी कधी कधी आपोआप मारतो.

रोश कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी १९३१ मध्येच निओस्टिग्मीन तयार केले होते, तेही मंदावलेल्या आतड्यांना चालना देण्यासाठी! १९२५ मध्ये एडिनबर्गच्याच स्टेडमन आणि बार्जर यांनी फायसोस्टिग्मीनची रचना उलगडली होती, तिच्या नमुन्यावर हे बेतलेले. त्यानंतरची पायरिडोस्टिग्मीन, अमेरिकेत तिला १९५५ मध्ये परवानगी मिळाली. ती पोटातून घेता येते, परिणाम तीनचार तास सौम्यपणे टिकतो, आणि पोटात कळा येणे जरा कमी. आजही या रोगात डॉक्टर पहिल्यांदा तिचाच हात धरतात.

इथवर नाण्याची एक बाजू झाली. दुसरी बाजू तुमच्या-माझ्या शेताच्या बांधावर आहे. १९३६ च्या डिसेंबरात जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर हे किडे मारण्याचे द्रव्य शोधत होते. त्यांना सापडले टाबुन, आणि १९३८ मध्ये सारिन. ही द्रव्ये त्याच फळा पुसणाऱ्या पोराचा हात धरतात. पण धरतात म्हणण्यापेक्षा तोडतात म्हणावे. जर्मन लष्कराने ती युद्धासाठी ताब्यात घेतली. त्याच कुळातली सौम्य भावंडे पुढे कीटकनाशके म्हणून जगभर गेली. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही नावे तुमच्यापैकी अनेकांनी डब्यावर वाचली असतील. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. त्या फवाऱ्यांत निरनिराळी द्रव्ये मिसळलेली होती आणि या कुळातलीही होती. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तोंडाला फेस, अंग घामाने चिंब: ख्रिस्टिसनसाहेबांनी पाहताक्षणी ओळखले असते.

आणि आपली भाषा पाहा. आपण फवारणीला 'औषध मारणे' म्हणतो. गावात कुणी 'औषध घेतले' असे म्हटले की ऐकणाऱ्याचे काळीज चरकते. मायस्थेनियाचा रोगीही औषध घेतो, आणि रासायनिक नाते पाहिले तर ही दोन्ही औषधे एकाच घरातली.

अशा विषबाधेवर दवाखान्यात ॲट्रोपीन टोचतात. हे द्रव्य बेलाडोना नावाच्या झाडातून निघते, आणि आपल्या धोतऱ्यातही असते. कालाबारच्या विषावर ते उतारा पडते हे त्याच फ्रेझर यांनी पूर्वी प्राण्यांवर तपासले होते. पण म्हणून घरी कुणी धोतऱ्याचा रस पाजू नये. तो प्रमाणाबाहेर गेला तर वेगळ्याच रस्त्याने जीव घेतो. अंगावरचे कपडे काढून, साबणपाण्याने धुऊन, दवाखाना गाठावा. नागाच्या दंशातही डॉक्टर सर्पविषाच्या लशीच्या जोडीला निओस्टिग्मीन आणि ॲट्रोपीन देतात. नागाचे विष क्युरारेसारखेच मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधते. आणि उतारा तोच, जो वॉकरबाईंनी १९३४ मध्ये योजला.

मूळ रोगाचे कारणही एका सापानेच दाखवले. १९६३ मध्ये तैवानात चँग आणि ली या संशोधकांनी तिथल्या एका मण्यारीच्या विषातून असे द्रव्य वेगळे केले की जे स्नायूवरच्या ग्राहकांना घट्ट चिकटते. त्याच्या मदतीने ग्राहक मोजता येऊ लागले. १९७३ मध्ये दिसून आले की मायस्थेनियाच्या रोग्यात हे ग्राहक पुष्कळच कमी असतात. त्याच वर्षी पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांच्या सशांना विजेच्या माशाचे ग्राहक टोचल्यावर हाच आजार झाला. शरीराची संरक्षक फौज आपल्याच ग्राहकांवर उलटते. स्कॉटलंडच्या जॉन सिम्पसन यांनी १९६० मध्ये हा तर्क केला होता. म्हणजे वर्गात वाचणारी मुलेच थोडी उरली. सकाळी, विश्रांतीनंतर, गुरुजी ठळक अक्षरात लिहितात, तेव्हा थोड्यांनाही वाचता येते. दुपारपर्यंत खडू झिजतो, अक्षर फिके पडते, आणि वर्ग गप्प. गोळी मुले वाढवीत नाही. ती पुसणाऱ्याचा हात धरते, म्हणून फिके अक्षरही थोडा वेळ टिकते. मुले वाचवण्यासाठी वेगळे उपाय लागतात: प्रेडनिसोलोनसारखी औषधे, छातीतली थायमस ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया. म्हणूनच गोळ्या मनाने वाढवून चालत नाही. फळा पांढरा झाला की अशक्तपणा उलट वाढतो आणि घरच्यांना वाटते आजारच बळावला.

अमिताभ बच्चन यांना हा आजार १९८४ मध्ये झाल्याचे तुम्ही ऐकले असेल. तेव्हा वर्तमानपत्रांतून या नावाचा बराच बोलबाला झाला. आमच्या मामीच्या गावापर्यंत काही तो पोचला नव्हता. तुमच्या वर्गात एखादा मुलगा सकाळच्या प्रार्थनेला ठणठणीत असेल, चौथ्या तासाला त्याच्या पापण्या मिटत असतील, वाचता वाचता आवाज नाकात जात असेल, तर त्याला छडी दाखवण्याआधी मधल्या सुटीत थोडे पडू द्या आणि नंतर पुन्हा वाचायला सांगा. फरक दिसला तर त्याच्या वडिलांना बोलवा.

मामी पुण्याहून परत आली ती गोळ्यांची बाटली घेऊन. घरात घड्याळ होते, पण ते मामांच्या मनगटावर आणि मामा शेतात. म्हणून तिने गोळ्यांची वेळ रेडिओवर बसवली. सकाळच्या बातम्या लागल्या की पहिली. जेवणाआधी अर्धा तास घ्यायची म्हणून दुपारी कामगारांचा कार्यक्रम सुरू झाला की दुसरी. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी बाजारभाव सांगू लागले की तिसरी, आणि मगच ती भाकऱ्या थापायला बसे. रेडिओचे सेल संपले तर घरात पहिली धावपळ मामा करीत.